एका कुलपाखाली दोघे

पुठ्ठ्याच्या त्या कारखान्यात एक नियम होता, आणि तो इतका साधा की सांगायला चार-पाच वाक्यं पुरतात. मशीनच्या पोटात ज्याचा हात जाणार, त्याने आधी मेन स्विच बंद करून त्याला आपलं लाल कुलूप घालायचं. काम झालं की ते त्यानेच काढायचं. कुलपाची किल्ली एकच, आणि काम चालू असताना ती त्याच्याच गळ्यात. आत दोघे असतील तर कुलपं दोन, पाच असतील तर पाच. शेवटचं निघेपर्यंत खुद्द मालक येऊन उभा राहिला तरी रोलर तसूभर हलत नाही.

कुलपाबरोबर एक पिवळी पाटी लोंबकळायची. तिच्यावर त्या माणसाचा फोटो, त्याखाली ठळक अक्षरांत 'चालू करू नका, माणूस आत आहे'. पाटीच्या मागच्या अंगाला बारीक अक्षरांत एक फोन नंबर होता, त्याचं पुढे येईल.

मिस्त्रींनी हा नियम एकवीस वर्षं पाळला. नवीन आलेल्या फिटरला पहिल्या दिवशी तोच धडा, तोही मिस्त्रींच्याच तोंडून. आणि आता त्याच मिस्त्रींचं कुलूप दोन महिन्यांत तिसऱ्यांदा मशीनवर राहिलं होतं. माणूस घरी, किल्ली त्याच्या गळ्यात, आणि तिकडे पुढच्या शिफ्टची तेरा माणसं हाताची घडी घालून बंद मशीनकडे बघत बसलेली. कंपनीची गाडी घरी आली तेव्हा मिस्त्री हात धुऊन जेवायला बसत होते. ते तसेच उठले, गाडीत बसले, गेले, कुलूप काढलं. वेल्डर तिथेच होता. मिस्त्रींचा जुना दोस्त, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "मिस्त्री, एवढा जीव आहे मशीनवर तर अंथरूण इथेच आण ना. वहिनींना मी समजावतो."

माणसं हसली. मिस्त्री हसले नाहीत, आणि मग माणसंही कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. ही बाई मिस्त्रींपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण हॉलमधल्या सगळ्या मशीनचा आवाज पाठ असलेली. आवाज न चढवता बोलायची तिची सवय होती, म्हणून सगळे तिला जरा वचकून असत.

"बसा, मिस्त्री."

"उभा बरा आहे."

"बसा हो. मान दुखते माझी वर बघून."

मिस्त्री बसले. बाईंनी टेबलावर दोन कागद ठेवले. पहिला बदलीचा होता: मिस्त्रींना मशीनवरून काढून हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवण्याचा. तारीख सहा आठवड्यांनंतरची, सहीची जागा कोरी.

"तिसरी वेळ झाली. चौथ्या वेळेला मला सही करावीच लागेल. माझ्या हातात नाही ते," बाई म्हणाल्या. "मशीनमध्ये बिघाड झाला तर तो मला कळतो. माणसातला मला कळत नाही. म्हणून हा दुसरा."

दुसऱ्या कागदावर एक फोन नंबर होता.

"हा पाटीच्या मागे असतो तोच?" मिस्त्रींनी विचारलं.

"तोच. दोन वर्षं झाली छापून. बाहेरचे लोक आहेत, आपले नाहीत. सहा वेळा जाता येतं. काय बोललात ते इकडे येत नाही. गेलात की नाही, तेसुद्धा नाही. वर्षाला आकडा येतो, इतके जण गेले म्हणून. नावं येत नाहीत."

"मी वेडा आहे असं वाटतं का बाई तुम्हाला?"

"एकवीस वर्षं ज्याचं कुलूप कधी राहिलं नाही त्याचं तीनदा राहतं, एवढंच मला दिसतंय. जायचं का नाही ते तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही."

त्या नंबराला कारखान्यात 'वेड्यांचा नंबर' म्हणत. हे नामकरण वेल्डरचं. तिथे खाटेवर निजवतात आणि लहानपणी आईने किती मारलं ते विचारतात, असं तो मधल्या सुट्टीत शपथेवर सांगायचा. त्याला विचारलं, तुला कसं ठाऊक, तर म्हणायचा, "मला काय करायचंय ठाऊक असून. माझी आई मारायचीच."

मिस्त्रींनी दोन्ही कागदांकडे पाहिलं. बदलीच्या कागदावर 'स्टोअर' हा शब्द होता, आणि त्यांची नजर अडली ती त्या शब्दावर. मशीन सुटणार, हे दुःख होतंच. पण स्टोअरच्या खिडकीत ठोक्या बसत होता.

आता ठोक्याचं सांगायला हवं, त्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही.

ठोक्या म्हणजे मिस्त्रींचा चौदा वर्षांचा जोडीदार. बेअरिंग कसं आहे हे तो त्याच्या लोखंडी कवचावर दोन बोटांनी ठोकून आणि कान लावून सांगायचा, आणि त्याचं कधी चुकायचं नाही. काम नसलं तरी बोटं चालूच: डब्यावर, टेबलावर, समोरच्याच्या पाठीवर. त्यावरून नाव पडलं ते पडलंच. त्याचे सासरेही त्याला ठोक्याच म्हणत. पाच महिन्यांपूर्वी खालच्या रोलरला गोंद धरला होता. अलीकडून मिस्त्री, पलीकडून ठोक्या, असे दोघे आत शिरले आणि खरवडून बाहेर आले. मिस्त्रींनी आपलं कुलूप काढलं. ठोक्याची खरवडायची पत्ती आत राहिली होती. ती घ्यायला तो परत वाकला. मशीनवाल्याने कुलूप निघालेलं पाहिलं आणि बटण दाबलं. ठोक्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ठोकायची तीच.

चौकशी झाली. ठोक्याने स्वतःचं कुलूप लावलंच नव्हतं, असं निघालं. मिस्त्रींना विचारलं, तुम्ही कुलूप काढलं तेव्हा तो बाहेर होता? मिस्त्री म्हणाले, होता. ते खरंच होतं. मग कागदावर लिहिलं गेलं, 'जखमी कामगाराचा स्वतःचा हलगर्जीपणा'. हा शेरा एकदा बसला की त्या माणसाला मशीनजवळ काम देत नाहीत. ठोक्या तीन महिन्यांनी परत आला तो थेट स्टोअरच्या खिडकीत. सकाळी कुलपं द्यायची, शिफ्ट सुटताना कुलूप, पाटी, किल्ली परत घ्यायची, फळ्यावर अडकवायची, वहीत सही घ्यायची.

त्या दिवसापासून मिस्त्री खिडकीवर गेलेच नाहीत. कुलूप, पाटी, किल्ली पिशवीत घालून घरी न्यायचे आणि सकाळी घेऊन यायचे.

घरी त्यांनी बायकोला बदलीच्या कागदाचं सांगितलं, नंबराचं सांगितलं नाही. पण तो कागद शर्टाच्या खिशात होता आणि शर्ट खुंटीला होता.

"अहो, जाऊन या एकदा," ती भाजी निवडता निवडता म्हणाली.

"कुठे?"

"कागद आहे तिकडे. चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे ते. जिना अंधारा आहे, जपून चढा."

"तू माझे खिसे बघतेस?"

"सव्वीस वर्षं बघतेय. आज कळलं?"

कागदावर पत्ता नव्हता, नुसता नंबर होता, ही गोष्ट तेव्हा मिस्त्रींच्या ध्यानात आली नाही.

त्यांनी फोन केला तो कारखान्याच्या मागच्या भिंतीशी उभं राहून, आणि पलीकडून "नमस्कार" ऐकू येताच ठेवून दिला. परत केला. या वेळी पलीकडच्या मुलीने नाव विचारण्याच्या आधी कोणती वेळ जमेल ते विचारलं, आणि मिस्त्रींना त्यातल्या त्यात बरं वाटलं.

चष्म्याचं दुकान होतं. जिना अंधारा होता. वर दोन खोल्या, एकीत बाकडं, दुसरीत दोन खुर्च्या, टेबल, पाण्याचा तांब्या आणि टेबलावरचा पंखा. खाट कुठेच नव्हती. मिस्त्रींनी पहिली तीच शोधली. समुपदेशक पन्नाशीचा, सर्दी झालेला माणूस होता. नाक पुसत पुसत त्याने सांगितलं की इथलं बोलणं इथेच राहतं. अपवाद एकच, कुणाच्या जिवाला धोका दिसला तर तेवढं सांगावं लागतं, आणि तेही तुम्हाला आधी सांगून.

"आमच्यातलं कोण कोण येऊन गेलं, सर?" मिस्त्रींनी विचारलं.

"तेही इथेच राहतं."

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले, आणि पुढचा पाऊण तास रोलर, गोंद आणि पुठ्ठ्याचे थर यावर बोलले. समुपदेशकाने ते सगळं ऐकलं. निघताना तो म्हणाला, "पुठ्ठ्याचं बरंच कळलं मला. पुढच्या आठवड्यात याल?"

मिस्त्रींना वाटलं होतं, एका खेपेत सुटका होईल. पण पंख्याचा आवाज त्यांच्या डोक्यात राहिला होता. प्रत्येक फेरीला एक किरकिर, बरोबर तळाशी. कुणीतरी तेल न देता वर्षानुवर्षं चालवलेला पंखा. खोटं कशाला सांगायचं, दुसऱ्या वेळी ते बरेचसे त्या पंख्यासाठी गेले. खिशात एक स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची बुधली घेऊनच.

"सर, तुमची हरकत नसेल तर हा उघडतो. याच्यापुढे माझं बोलण्यात लक्ष लागत नाही."

"उघडा की. माझंही ऐकण्यात लागत नाही."

मिस्त्रींनी भिंतीतला प्लग काढला. वायर लांब होती. प्लग त्यांनी आपल्या डाव्या काखेत धरला आणि उजव्या हाताने जाळी सोडवू लागले. एका हाताने जमत नव्हतं. पंखा टेबलावर घसरत होता.

"प्लग मी धरतो, द्या इकडे," समुपदेशक म्हणाला.

"नाही. हात माझा आत आहे, प्लग माझ्याकडेच राहणार."

"मी लावणार नाही हो परत."

"तुम्ही नाही लावणार. पण तुम्हाला फोन येईल, तुम्ही तो टेबलावर ठेवाल, कुणी तिसरा येईल, त्याला पंखा बंद दिसेल." मिस्त्री थांबले. "दुसऱ्याच्या भरवशावर हात आत घालायचा नसतो. मी हे पोरांना शिकवतो."

समुपदेशकाने नाक पुसलं. "आणि त्या दिवशी?" त्याने विचारलं. अपघाताबद्दल मिस्त्रींनी पहिल्या वेळी फक्त एक वाक्य सांगितलं होतं, रोलर आणि गोंदाच्या मध्ये कुठेतरी. त्याने ते लक्षात ठेवलं होतं.

मिस्त्रींच्या काखेत प्लग तसाच होता. पंख्याची जाळी हातात. त्यांनी ती खाली ठेवली नाही, आणि बोलले ते जाळीकडे बघूनच.

"त्या दिवशी तो म्हणाला, माझं कुलूप स्टोअरमध्ये आहे, आणायला गेलो तर दहा मिनिटं जातील, तुझं आहे ना, झालं तर मग. मी म्हटलं, ये."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मीच म्हटलं ना, ये."

"चौकशीत?"

"हे विचारलंच नाही कुणी."

खाली दुकानात कुणीतरी अक्षरं वाचून दाखवत होतं, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि शेवटच्या ओळीला अडत होतं. मग मिस्त्रींनी पंखा पुरता उघडला, बेअरिंग पुसलं, तेल दिलं, जाळी लावली. प्लग स्वतः भिंतीत घातला. पंखा आवाज न करता फिरला.

"छान," समुपदेशक म्हणाला. "आता मला त्या तीन दिवसांचं सांगा. कुलूप राहिलं ते तीन दिवस. विसरलात तेव्हा नेमकं काय चाललं होतं?"

"विसरलो म्हणजे विसरलो. काय चालणार?"

"पुढच्या वेळी सांगा. घाई नाही."

मिस्त्रींना हा गृहपाठ फालतू वाटला. पण हिशेबी माणूस, विषय मनात घोळला की सुटायचा नाही. तिसऱ्या भेटीला ते येऊन बसले आणि सरळ सुरू झाले. पहिली वेळ: ठोक्या कामावर परत आला तो दिवस. दुसरी वेळ: ठोक्या हातात वही घेऊन हॉलमध्ये कुलपं मोजायला आला होता. तिसरी वेळ: मिस्त्री काम आटोपून मेन स्विचपाशी उभे होते, किल्ली कुलपात घातलेली, आणि स्टोअरच्या बाजूने पत्र्यावर ठोकल्याचा आवाज आला. डाव्या हाताचा होता, थोडा अडखळणारा. पण तोच.

"मग?"

"मग वाटलं, तो आत आहे."

"कशाच्या आत?"

"मशीनच्या. मला दिसत होतं आत कुणी नाही. टॉर्च मारून पाहिलं, वाकून पाहिलं, सात वेळा पाहिलं. आणि तरी किल्ली फिरेना. म्हटलं राहू दे कुलूप. कुलूप असलं की कुणाला काही होत नाही." मिस्त्रींनी तोंडावरून हात फिरवला. "मी विसरलो नाही, सर. तिन्ही वेळा मी ठेवून आलो."

समुपदेशक म्हणाला की हे असं होतं. अंगाला एकदा जी गोष्ट महागात पडते ती अंग पुन्हा करू देत नाही, डोकं कितीही सांगो. त्याने काही उपाय सांगितले, ते असे: कुलूप काढण्याआधी आत कोण नाही ते मोठ्याने म्हणायचं, एकदाच, शेजारच्या माणसाला ते ऐकायला उभं करायचं, आणि मग मोजून तीन श्वासांत किल्ली फिरवायची. हवं तर तो तसं बाईंना पत्र देईल, पण मिस्त्रींनी हो म्हटलं तरच, आणि पत्रात काय लिहिलंय ते त्यांनी वाचल्यावरच. मिस्त्री हो म्हणाले. पुढचे दहा दिवस वेल्डर त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि त्यांनी "आत कुणी नाही" म्हटलं की तो "ऐकलं बाबा" म्हणायचा. एक दिवस म्हणाला, "मला मात्र आत एक उंदीर दिसतोय, त्याचं कुलूप कुठे?" मिस्त्री हसले. कुलूप निघालं. दहाही दिवस निघालं.

आता कुणी म्हणेल, झालं की मग, मशीन वाचलं, गोष्ट संपली. मिस्त्रींनाही तसंच वाटलं. चौथ्या भेटीला ते जरा ऐटीतच गेले.

"अजूनही तसं करतात का?" समुपदेशकाने विचारलं.

"कसं?"

"एका कुलपाखाली दोघे."

मिस्त्रींनी होकारार्थी मान हलवली. करत होते. स्टोअर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, दहा मिनिटं जायची, काम दोन मिनिटांचं असायचं. अपघातानंतर महिनाभर सगळे शहाण्यासारखे वागले आणि मग हळूहळू पूर्वीचं सुरू झालं. चौकशीच्या कागदावर एका माणसाचा हलगर्जीपणा लिहिला होता. बाकीच्यांना त्यातून काही शिकायचं उरलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी मी एक अपवाद सांगितला होता," समुपदेशक म्हणाला. "तो मी आज वापरत नाही. तुम्हाला काय करायचं तेही सांगत नाही. पण याचा विचार तुम्ही एकट्याने करावा असं नाही, आपण दोघे करू. पुढच्या वेळेपर्यंत."

मिस्त्री जिना उतरले. बाहेर दुपार होती. त्यांनी विचार केला तो इतका: कागदावर लिहून दिलं तर मशीन जाणार. नियम मोडायला 'ये' म्हणणारा माणूस नियम शिकवणारा कसा राहील? आणि नाही दिलं तर रोलर तिथेच आहे, एखाद्या दिवशी कुणीतरी पत्ती घ्यायला परत वाकेल. देवाने माणसाला बुद्धी दिली ती अशा वेळी थोडी कमी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, 'ये' या शब्दासकट. तिने हातातलं काम ठेवलं नाही, पण ते थांबलं.

"म्हणून गॅसचं बटण सात सात वेळा बघता?" ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं माझ्यावर भरवसा नाही."

"तुझ्यावर कशाला?" मग मिस्त्रींना ते आठवलं. "तुला कसं माहीत होतं, चष्म्याच्या दुकानाच्या वर?"

"तुमची पाटी शर्टाबरोबर धुवायला आली होती. मागे लिहिलंय, घरच्यांनाही चालेल." ती परत कामाला लागली. "तीनदा गेले मी. तुमच्यासाठीच गेले होते, पण ते म्हणाले, त्यांना आम्ही बोलावू शकत नाही, तुमचं काय ते बोला. मग मी माझं बोलले."

"काय बोललीस?"

"ते तिथलं तिथेच राहतं," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मिस्त्री पिशवी घेऊन फाटकाकडे न वळता हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेले. खिडकीपाशी चार माणसं होती. ते पाचवे उभे राहिले. ठोक्या मान खाली घालून लिहीत होता, डाव्या हाताने, जीभ ओठांत धरून. चौघे गेले. मिस्त्रींनी कुलूप, पाटी आणि किल्ली खिडकीत ठेवली.

ठोक्याने वर पाहिलं. मग वही उलटी करून त्यांच्याकडे सरकवली आणि बोट ठेवलं. एक ओळ होती मिस्त्रींच्या नावाची, आणि त्या ओळीत तीन महिन्यांच्या तारखा कोऱ्या.

"बाईंनी वही मागितली नाही, मी सांगितलं नाही," ठोक्या म्हणाला. "पण खोटी खूणही केली नाही. सही कर. आजची कर नुसती."

मिस्त्रींनी सही केली. "मी त्या दिवशी 'ये' म्हटलं होतं," ते म्हणाले.

"मी तिथेच होतो."

"चौकशीत बोललो नाही."

"मीही बोललो नाही. म्हटलं, एकाचं गेलंय ते गेलंय, दोघांचं कशाला." ठोक्याने कुलूप उचलून फळ्यावरच्या खिळ्याला अडकवलं. तो खिळा इतके दिवस मोकळा होता. "मला वाटलं, मिस्त्री येऊन सांगेल. आठ दिवसांत येईल. मग वाटलं, पंधरा दिवसांत. बोटांचं म्हणशील तर डावा हात शिकतोय. पण तू या खिडकीला वळसा घालून जायचास ना फाटकाकडे, ते मी रोज इथून बघायचो. लांबचा वळसा, गोदामाच्या मागून. पावलं मोजली असती तर वेडा झालो असतो."

मिस्त्रींनी खिशातून कागद काढला. आदल्या संध्याकाळी लिहिलेला, बायकोने वाचून दोन ठिकाणी सुधारलेला. ठोक्याने तो सावकाश वाचला, दोनदा.

"अजून तसं करतात त्यांची नावं यात नाहीत," तो म्हणाला.

"नाहीत. पद्धत लिहिली आहे. माझं नाव आहे."

"मशीन जाईल तुझं."

"माहीत आहे."

"मग जा, बाई अजून आत आहेत," ठोक्या म्हणाला आणि खिडकी लावू लागला. मिस्त्री वळले तेव्हा तो आतून म्हणाला, "आणि उद्या इकडूनच जा."

शिफ्टच्या बाईंनी कागद उभ्याने वाचला आणि मग बसून वाचला.

"हे तुम्हाला तिथे लिहायला सांगितलं?"

"कुठे, बाई?"

बाईंना जरासं हसू आलं. "चुकलं माझं. विचारणार नाही म्हटलं होतं." त्यांनी खण उघडून तो जुना बदलीचा कागद काढला, तारीख खोडली, आजची घातली. "तीन महिने. नंतर परत बघू. चौकशी पुन्हा उघडावी लागेल, तुम्हाला आणि त्याला, दोघांनाही बोलावतील. आणि ती दहा मिनिटं... कुलपांचा एक फळा हॉलमध्ये मशीनशेजारी लावला असता तर, नाही का?"

"एकवीस वर्षांत कुणाला सुचलं नाही," मिस्त्री म्हणाले. "मलाही नाही."

बाईंनी सही केली.

चौकशीचं काम सरकारी वेगाने चाललं, पण चाललं. ठोक्याच्या नावापुढचा शेरा निघाला. तिथे 'कामाची पद्धत सदोष' असं आलं, आणि दोघांना एकेक ताकीद. नवा फळा मशीनपासून चार पावलांवर लागला. वेल्डरने तो वेल्ड करून दिला आणि म्हणाला, "आता कुणी कुलूप विसरलं तर मी त्याला या फळ्यालाच वेल्ड करतो." वेड्यांच्या नंबराबद्दल तो हल्ली फारसं बोलत नसे. का, ते कुणी विचारलं नाही.

मिस्त्री स्टोअरच्या खिडकीत बसले. पहिले दोन आठवडे ठोक्याने शेजारी बसून त्यांना वही शिकवली आणि अक्षरावरून टोमणे मारले. मग शेरा निघाला तशी त्याची हॉलमध्ये बदली झाली, हलक्या कामावर, पण मशीनजवळ. त्या सकाळी तो खिडकीवर आला आणि कट्ट्यावर डाव्या हाताने ठोकू लागला. मिस्त्रींनी त्याचं कुलूप काढलं, पाटीवरचा फोटो आणि माणूस ताडून पाहिला, किल्ली पुढे केली.

"तुझ्या किती भेटी उरल्या त्या चष्म्यावाल्याकडे?" ठोक्याने हळूच विचारलं.

"दोन."

"मला देता येतात?"

"नाही. तुझ्या सहा तुला वेगळ्या आहेत. पाटीच्या मागे बघ."

ठोक्याने पाटी उलटी केली, नंबर वाचला, पुन्हा सुलटी केली. मिस्त्रींनी वही पुढे सरकवली. त्याने सही केली, वाकडीतिकडी, ओळीच्या बाहेर गेलेली, आणि गळ्यात किल्ली घालून तो मशीनकडे निघाला.